समाचाराला आलेले चित्रपट

आई गेली तेव्हा दहा-बारा दिवस घरात माणसांची रीघ होती. प्रत्येक जण काही ना काही बोलत होता. सुटली, फार हाल झाले नाहीत, आता बाबांकडे बघा. त्यात खोटं काही नव्हतं, पण कानावर पडून घरंगळून जायचं. खालच्या मजल्यावरच्या एक काकू मात्र रोज चारच्या सुमारास यायच्या, भिंतीला टेकून बसायच्या आणि तासाभराने उठून जायच्या. बोलायच्या नाहीतच. पुढे पुढे चार वाजत आले की मी दाराकडे बघायला लागलो होतो.

नंतरच्या दोन वर्षांत जपान, इराण, बंगाल, कुठले कुठले चित्रपट मी रात्री जागून पाहिले. त्यातले जे मनात राहिले ते सगळे या काकूंच्या जातीचे होते. ते समाचाराला येतात आणि बसतात. दुःखाचा अर्थ सांगायची त्यांना घाई नसते. ‘कलात्मक चित्रपट’ हे नाव आपल्याकडे अजून थोड्या धाकाने घेतलं जातं. ते अवघड असतात, रडके असतात, परीक्षेला बसल्यासारखे बघायचे असतात, असा समज आहे. माझा अनुभव उलटा आहे. अर्थात या नावाखाली येणारा प्रत्येक चित्रपट असा सोबतीला बसतो असंही नाही.

यासुजिरो ओझूचा ‘टोकियो स्टोरी’ (१९५३) घ्या. ओनोमिची या बंदराच्या गावातलं म्हातारं जोडपं मुलांना भेटायला टोकियोला जातं. मुलगा डॉक्टर, मुलीचं ब्यूटी पार्लर, दोघांनाही सवड नाही. वेळ काढते ती युद्धात गेलेल्या मुलाची बायको, नोरिको. घरी परतल्यावर आई जाते. आई-बाप मुलांना जड होतात ही गोष्ट आपल्याकडे ‘बागबान’मध्ये (२००३) आली तेव्हा मुलांना खलनायक व्हावं लागलं. ओझूची मुलं वाईट नाहीत, आपापल्या संसारात बुडालेली आहेत. अंत्यविधीनंतरच्या जेवणात मोठी मुलगी घास घेता घेता आईच्या किमोनोवरचा एक पट्टा आठवण म्हणून मागून टाकते. थोड्या वेळापूर्वी तीच रडत होती. आमच्याकडे तेराव्यानंतर आईचं कपाट उघडलं तेव्हा बहिणीने सगळ्यांत आधी तिची पैठणी उचलली होती. मला तिचा फार राग आला होता आणि तो मी कित्येक महिने धरून बसलो होतो. हे दृश्य पाहताना तो गळून पडला. ओझूचा कॅमेरा जवळजवळ जमिनीलगत ठेवलेला असतो, चटईवर बसलेल्या माणसाच्या नजरेच्याही खाली. तिथून कोणाचा निवाडा करायचं सुचत नाही.

शेवटी खिडकीतून शेजारीण डोकावते, आता एकटं वाटेल म्हणते. म्हातारा हसून मान डोलावतो, हातपंखा हलवत राहतो. लांबून बोटीच्या इंजिनाची धडधड ऐकू येते. बाबा माझ्या शेजारी बसून बघत होते. सबटायटल्स त्यांना जेमतेम वाचता येत होती. त्यांनी एकच विचारलं, “धाकटी मुलगी शाळेत शिकवायला गेली की हा दिवसभर काय करणार?” मला उत्तर देता आलं नाही. त्या रात्री आम्ही दोघं आईबद्दल पहिल्यांदा बोललो.

सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ (१९५५) आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो, निदान तसं म्हणतो तरी. त्यातला एक क्षण पुन्हा पाहावा. हरिहर खूप दिवसांनी घरी येतो, गेलेल्या मुलीसाठी, दुर्गेसाठी, आणलेली साडी बायकोपुढे धरतो. ती ओंडक्यासारखी कोसळते. तिचा हंबरडा आपल्याला ऐकू येत नाही. त्या जागी रविशंकरांनी योजलेली तारशहनाई उंच पट्टीत फुटते. माणसाचा आवाज जिथे पुरणार नाही तिथे रायांनी वाद्य ठेवलं. मग गाव सोडताना अपूला दुर्गेने चोरलेली माळ सापडते. तो ती तळ्यात भिरकावतो. शेवाळ दुभंगतं आणि हळूहळू परत मिटतं. बहिणीचं गुपित त्या मुलाने असं राखलं. गेलेल्या माणसासाठी मागे राहिलेल्याला इतकंच करता येतं, हे मला त्या तळ्याने दाखवलं.

अब्बास कियारोस्तामीचं धैर्य याहून वेगळं आहे. १९९० च्या जूनमध्ये उत्तर इराणात भूकंप झाला, हजारो माणसं गेली. कोकेर गावातल्या ज्या मुलांना घेऊन त्याने आधी चित्रपट केला होता ती जिवंत आहेत का, हे शोधायला तो निघाला. त्यातून आला ‘अँड लाइफ गोज ऑन’ (१९९२). ढिगाऱ्यांच्या वाटेने गाडी जाते. कोणी भूकंपानंतर लगेच लग्न केलंय, कोणी फुटबॉलचा सामना दिसावा म्हणून अँटेना उभा करतोय. मुलं सापडतात का, हे चित्रपट सांगत नाही. शेवटच्या लांबलचक शॉटमध्ये दूरवर एक गाडी चढणीला लागते. वाटेत खांद्यावर नळकांडं घेतलेला माणूस आहे, पण थांबलं तर चढ चढणार नाही म्हणून गाडी पुढे जाते आणि अडकते. तोच माणूस येऊन तिला धक्का देतो. गाडी पुन्हा चढते, आणि या वेळी थांबून त्याला आत घेते. हे सगळं इतक्या लांबून की चेहरे दिसत नाहीत. मला हा शॉट जगातल्या कुठल्याही उपदेशापेक्षा जवळचा वाटतो.

आता दुसरी बाजू. या मोठ्या माणसांची संथ चाल आज अनेकांनी उचलली, कारण ती महोत्सवांत चालते. पाठमोरा माणूस, तीन मिनिटं हलणारं गवत, मध्येच तुटलेला शेवट. मौन असतं, पण ते कोणाच्या घरात बसलं आहे याचा पत्ता नसतो. याच्या उलट टोकाला सुबक दिलासा. विम वेंडर्सचा ‘परफेक्ट डेज’ (२०२३) बऱ्याच मित्रांनी मला औषध म्हणून सुचवला. टोकियोतली स्वच्छतागृहं साफ करणारा हिरायामा, त्याची झाडं, कॅसेटी, पुस्तकं. कोजी याकुशोचं काम अप्रतिम आहे, शेवटी त्याच्या चेहऱ्यावर हसू आणि रडू एकमेकांत मिसळतात तो शॉट खरा आहे. पण त्याआधीचे दिवस मला फार धुतलेले वाटले. तिथल्या संडासांनाही वास नाही.

मराठीत हा प्रश्न आणखी जवळून दिसतो. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी मनाच्या आजारांवर आयुष्यभर जीव लावून चित्रपट केले. ‘कासव’ला (२०१६) सुवर्णकमळ मिळालं. नैराश्यात बुडालेला मुलगा, त्याला घरात घेणारी बाई, किनाऱ्यावर जपली जाणारी कासवांची अंडी. त्यांचा हेतू इतका निर्मळ आहे की बोट दाखवताना जीव कचरतो. तरी म्हणतो, कासवाचं रूपक आपल्याला समजलं आहे यावर चित्रपटाने विश्वास ठेवायला हवा होता. उमेश कुलकर्णींच्या ‘विहीर’ने (२००९) तो ठेवला. नचिकेत विहिरीत जातो. का, कसा, हे त्याच्या भावाला, समीरला, कळत नाही, आपल्यालाही नाही. त्यांचा लपंडाव तेवढा चालू राहतो, एकाने लपायचं आणि दुसऱ्याने शोधत फिरायचं.

चैतन्य ताम्हाणेचा ‘द डिसायपल’ (२०२०) व्हेनिसला पटकथेचं पारितोषिक घेऊन आला, पण महाराष्ट्रातल्या प्रेक्षकांपर्यंत पोहोचला तो २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवरून. आपण थोर गायक होणार नाही, हे उमगलेल्या माणसाची ही कथा. तिची सोबत मला फार झाली, पण फोनवर, मध्ये दोनदा दारावरची बेल वाजलेली. पुण्यात लॉ कॉलेज रोडवरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या थिएटरात किंवा मुंबईत प्रभात चित्र मंडळाच्या खेळांना ज्यांनी असे चित्रपट पाहिले, त्यांना अंधारात शेजारच्याचा श्वास अडखळलेला ऐकू यायचा. घरोघरी पडदे आले, निवड अफाट झाली. तो शेजार मात्र मला तिथे मिळत नाही.

म्हणून रोहन कानवडेचा ‘साबर बोंडं’ मी थिएटरात जाऊन पाहिला. २०२५ च्या सनडान्स महोत्सवात त्याला जागतिक चित्रपट विभागाचं सर्वोच्च ज्युरी पारितोषिक मिळालं होतं. वडील गेल्यावर आनंद दहा दिवसांच्या दुखवट्याला गावी येतो. नातेवाईक लग्नाचा विषय काढत राहतात आणि त्याला बालपणीचा बाळ्या पुन्हा भेटतो. दोन पुरुषांचं प्रेम इथे सुतकाच्या घरात उमलतं, ओरडा न करता, आणि आनंदच्या आईला मुलाचं मन ठाऊक आहे. दुपारच्या खेळाला आम्ही जेमतेम पंधरा जण होतो. नावं संपून दिवे लागले तरी माझ्या पुढच्या रांगेतले एक गृहस्थ उठले नाहीत. साठीचे असावेत, मांडीवर कापडी पिशवी. मी त्यांच्यामागे आणखी थोडा वेळ बसून राहिलो. जिन्यात ते क्षणभर थांबले, माझ्याकडे बघून म्हणाले, “आमचेही दहा दिवस असेच होते,” आणि कठड्याला धरून सावकाश उतरायला लागले.