क्लापा : खांद्यावरचा हात

समूहगान ऐकताना सूर किती शुद्ध लागले, एवढेच आपण बहुधा पाहतो. क्रोएशियाच्या दाल्मेशिया किनाऱ्यावरील ‘क्लापा’ गायनास ही कसोटी अपुरी पडते. तेथील बोलीत ‘क्लापा’ म्हणजे मित्रांचे टोळके. अर्धवर्तुळात, एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून, वाद्यावाचून हे मित्र गातात. तार आवाजाचा गायक चाल उचलतो, दुसरा किंचित खालच्या सुरात त्याची सोबत करतो. मधला आवाज पोकळी भरतो आणि खर्ज सर्वांना पेलून धरतो. शब्द सर्वांचे एकाच वेळी, सूर मात्र निरनिराळे. एखाद्याने आपलाच गळा मिरवला की गाणे फसलेच!

१९६७ साली ओमिश या गावी क्लापांचा महोत्सव सुरू झाला. त्याचे ऋण मोठे आहे. विखुरलेली गाणी एकत्र आली, नव्या रचना झाल्या, स्त्रियांच्या क्लापांनाही व्यासपीठ लाभले. २०१२ मध्ये युनेस्कोने या गायनास मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले. परंतु मद्याच्या तळघरात वा गल्लीच्या वळणावर कानाने शिकलेले गाणे परीक्षकांसमोर आले, तेव्हा त्याचे तोंडही फिरले. पूर्वी मित्र मित्रांसाठी गात. आता ते श्रोत्यांसाठी गाऊ लागले. सफाई वाढली, जिव्हाळ्याला मात्र जपावे लागले.

देशांतरीच्या गायनाविषयी उलट आक्षेप घेतला जातो : ते आठवणींत गोठलेले आहे. एकोणिसावे शतक सरता सरता द्राक्षवेलींवर रोग पडला आणि दाल्मेशियातील कित्येक कुटुंबे चिली, न्यूझीलंड, कॅलिफोर्नियाकडे निघाली. त्यांच्या वंशजांच्या गाण्यात जुनेपणाचा सोस असेलही. पण ऑकलंडमधील ‘क्लापा सामोआना’ या वृंदात सामोआ बेटांच्या वंशाचे गायक क्रोएशियन गाणी गातात, त्याला स्मरणरंजन कसे म्हणावे? ज्यांना मायभूमीची आठवणच नाही, त्यांनाही ही गायनरीत आपली वाटते.

म्हणून माझे मत असे, की क्लापाचे अस्सलपण जन्मभूमीवर नव्हे, शेजारच्या आवाजाकडे दिलेल्या कानावर अवलंबून आहे. ओमिशच्या व्यासपीठावर तो कान हरपू शकतो आणि ऑकलंडात सापडू शकतो. बदलीच्या गावी मंडळ चालविणाऱ्या आपणांस हे निराळे सांगावयास नकोच.