प्रतिमा : कलाकृती की सान्निध्य?

बायझंटाईन संस्कृतीविषयीचे विद्वत्तापूर्ण ग्रंथ आपल्या कुटुंबांत क्वचितच वाचले जातात. तथापि हान्स बेल्टिंग या जर्मन कलेतिहासकाराचा ‘बिल्ड उंड कुल्ट’ (१९९०) हा ग्रंथ थेट आपल्या घरच्या आल्तारापर्यंत येऊन पोहोचतो. १९९४ साली तो इंग्रजीतही आला.

बेल्टिंग यांचे प्रतिपादन असे : ‘कला’ ही कल्पना युरोपात रुजण्यापूर्वी पवित्र प्रतिमा ही रसास्वादाची वस्तू नव्हती. तिच्यासमोर दिवे लावीत, तिचे चुंबन घेत, तिला मिरवणुकीत नेत. प्रबोधनकाळानंतर ती कलावंताची निर्मिती ठरली. हे विवेचन आम्हांस मोलाचे वाटते. सिनाई पर्वतावरील संत कॅथरिनच्या मठात मेणरंगांत चितारलेली सहाव्या शतकातील ख्रिस्तप्रतिमा आजही आहे. ती संग्रहालयासाठी नव्हे, प्रार्थनेसाठी घडली.

परंतु लोकांची भक्ती आधी आणि ईशज्ञानी पंडितांचे समर्थन मागाहून, हा बेल्टिंग यांचा रोख आम्हांस एकांगी वाटतो. आठव्या शतकात संत योहान दमास्कसकर यांनी मांडलेला युक्तिवाद निव्वळ सारवासारव नव्हता. अदृश्य परमेश्वर देहधारी होऊन दृश्य झाला, म्हणून त्याचे चित्र काढता येते, असे ते म्हणतात. ७८७ च्या नायसिया धर्मपरिषदेने प्रतिमेला वंदन आणि केवळ देवाला आराधना, असा विवेक केला. हा विवेक नसता तर भक्ती आणि भाबडेपणा यांत अंतर उरले नसते.

लेस्ली ब्रूबेकर व जॉन हॅल्डन यांचा २०११ चा ग्रंथ मात्र आपल्यालाच प्रश्न विचारतो. ८४३ साली प्रतिमावंदन कायमचे पुनःस्थापित झाले. प्रतिमाभंजकांच्या अत्याचारांची वर्णने बव्हंशी विजयी पक्षाने लिहिली आणि ती अतिरंजित आहेत, असे ते साधार दाखवतात. हे स्वीकारण्यात आम्हांस संकोच नाही. सत्य शत्रूच्या निंदेवर उभे राहत नाही.

माहीमच्या संत मायकल चर्चमध्ये १९४८ पासून दर बुधवारी निरंतर साहाय्य मातेची नोव्हेना होते. मूळ चित्र बायझंटाईन परंपरेतील असून १८६६ पासून रोमच्या संत आल्फोन्स चर्चमध्ये आहे. देवदूतांच्या हातांतील क्रूस व भाला, बाळ येशूच्या पायातून निसटलेली चप्पल, हे तपशील किती भाविक न्याहाळतात? प्रतिमेसमोर केवळ मागणे मांडून परतणे पुरेसे नाही. ती काय सांगते, हे वाचावयास शिकणे हाही भक्तीचाच भाग होय.