सरकार नावाचा वाचक

मराठी समीक्षेत वाचकाचा विचार सुरू झाला त्याला बराच काळ लोटला. सहृदय, आस्वादक, जाणकार, अभिप्रेत वाचक अशा निरनिराळ्या नावांनी त्याची मीमांसा झाली. संहितेतील रिकाम्या जागा तो कशा भरतो, त्याची अपेक्षाक्षितिजे कशी बदलतात, याची चर्चाही पाश्चात्त्य सिद्धान्तांच्या आधारे झाली. मात्र गेल्या दीडशे वर्षांत मराठी मजकुराचे सर्वांत नेमाने वाचन करणारा जो वाचक होता, त्याला या मीमांसेत कोठेच जागा मिळालेली नाही. हा वाचक म्हणजे सरकार. मुंबई इलाख्यातील देशी वृत्तपत्रांचे साप्ताहिक गोषवारे तो इंग्रजीत करून घेत असे. पुण्याच्या 'केसरी'पासून रत्नागिरीच्या 'सत्यशोधक'पर्यंत लहानमोठी पत्रे त्याच्या मेजावर जात. एका जिल्ह्यापुरत्या खपाच्या पत्राला इतका सावध वाचक अन्यत्र क्वचितच लाभला असेल.

या वाचकाचे वेगळेपण एवढेच की त्याला लागलेला अर्थ हा अंतिम अर्थ ठरतो. अन्य वाचकांचे अर्थ एकमेकांशी वाद घालीत राहतात. याच्या अर्थाच्या मागे तुरुंग असतो. व्यक्तिस्वातंत्र्याचा संकोच हा विषय साहित्यसमीक्षेच्या कक्षेत येतो तो प्रथम येथे. पुस्तकावर बंदी आली की निषेधाचा ठराव करावा आणि मग पुन्हा रूप-आशयाच्या चर्चेकडे वळावे, अशी आपली रीत आहे. बंदी ही बाहेरून आलेली आपत्ती आहे आणि अर्थनिर्णयन हा आतला व्यवहार आहे, असे तीत गृहीत धरलेले असते. हे गृहीत तपासून पाहावयास हवे.

भारतीय दंड संहितेत १८७० साली घातलेले १२४ अ हे कलम एका अर्थाने वाचकप्रतिसादाचा सिद्धान्तच होते. लेखकाने काय केले याहून, त्याच्या शब्दांनी वाचकाच्या मनात कोणती भावना उत्पन्न होईल वा होऊ शकेल, यावर त्याचा भर होता. १८९७ च्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी 'डिसअफेक्शन' या शब्दाचा अर्थ प्रीतीचा अभाव असा लावला. शासनाविषयी प्रीती नसणे हाच अपराध ठरला, तर लेखकाने प्रीती व्यक्त करावी वा मौन पाळावे, एवढेच पर्याय उरतात. आणि मौनही प्रीतीचा अभावच दाखविते, असे कोणी म्हटल्यास त्याला उत्तर देणे कठीण. त्या खटल्यातील आक्षिप्त मजकुरात शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेले उद्गार होते. कल्पित वक्ता आणि प्रत्यक्ष संपादक यांतील अंतर ही वाङ्मयविचारातील अगदी प्राथमिक बाब. न्यायालयाच्या लेखी ते अंतर उरले नाही. नऊ ज्यूररांपैकी सहा युरोपियनांनी टिळकांना दोषी मानले, तिघा भारतीयांनी निर्दोष. मजकूर ज्या भाषेत होता, ती भाषा बहुमतास येत नव्हती.

१९०८ च्या खटल्यात हा प्रश्न अधिक उघडा झाला. 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हे लेख न्यायालयापुढे आले ते इंग्रजी भाषांतराच्या रूपाने. टिळकांनी स्वतः बचाव केला आणि सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी घेताना एकेका शब्दावर अडून बसले. मराठीत राजकीय परिभाषा अजून घडत होती; एखादा शब्द इंग्रजी शब्दाचा प्रतिशब्द म्हणून वापरला जात असताना त्याला जुन्या व्यवहारातील तीव्र छटाही चिकटलेल्या होत्या. अशा शब्दाचे इंग्रजीत परत भाषांतर करताना नेमकी तीव्र छटाच उचलली, तर लेखकाच्या पदरी न लिहिलेले वाक्य पडते. टिळकांचा युक्तिवाद एकवीस तासांहून अधिक चालला. त्याकडे राजकीय इतिहासातील दस्तऐवज म्हणून पाहिले जाते. भाषांतरमीमांसेतील एक आद्य मराठी प्रकरण म्हणूनही तो वाचला जावयास हवा होता. सात विरुद्ध दोन अशा बहुमताने ते दोषी ठरले आणि सहा वर्षांच्या शिक्षेवर मंडालेस गेले. (याच मंडालेहून पदच्युत केलेला थिबा राजा १८८६ पासून टिळकांच्या जन्मगावी, रत्नागिरीत, नजरकैदेत होता. एकीकडे सह्याद्री, एकीकडे समुद्र आणि रेल्वे नाही, असे हे गाव माणसे दृष्टीआड ठेवण्यास सरकारला सोयीचे वाटत असावे.)

खाडिलकरांच्या 'कीचकवधा'ची गोष्ट सर्वपरिचित आहे. १९०७ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकावर १९१० मध्ये १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्याखाली बंदी आली. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन हे समीकरण प्रेक्षकांनी केव्हाच जुळविले होते. लंडनच्या 'टाइम्स'नेही ते उलगडून दाखविले. रूपकाचा असा अर्थ लावणे चूक होते असे कोणीच म्हणणार नाही. सरकारचे वाचन येथे तरल, जवळजवळ रसिकाचे होते. एरवी ठोकळेबाज वाटणारा हा वाचक स्वतःची आकृती दिसताच कमालीचा सूक्ष्म होतो. मात्र तो शोधतो ती स्वतःचीच आकृती. जेथे ती दिसत नाही, तेथे त्याला राजकारणही दिसत नाही.

या दृष्टीने विनायक दामोदर सावरकरांचे रत्नागिरीतील लेखन हे अभ्यासाचे मोठे क्षेत्र ठरावे. जानेवारी १९२४ मध्ये त्यांची सुटका झाली ती अटींवर आणि त्या अटी मान्य करून. रत्नागिरी जिल्ह्यात राहावयाचे, परवानगीवाचून जिल्ह्याबाहेर जावयाचे नाही आणि सरकारच्या संमतीशिवाय खाजगी वा जाहीर रीतीने कोणत्याही राजकीय कार्यात भाग घ्यावयाचा नाही. पाच वर्षांची ही मुदत वाढत वाढत १९३७ च्या मे महिन्यापर्यंत गेली. म्हणजे तेरा वर्षे एक लेखक 'राजकीय' या एका विशेषणाच्या आत-बाहेर करीत लिहीत होता, आणि त्या विशेषणाची व्याख्या त्याच्या हाती नव्हती. १९२५ मध्येच कोहाटच्या दंगलीसंबंधी 'मराठा' पत्रात लिहिलेल्या लेखाबद्दल त्यांच्याकडून खुलासा मागण्यात आला. लेखकाने आपल्याच लेखाचे भाष्यकार व्हावे आणि तो लेख निरुपद्रवी कसा आहे हे सिद्ध करावे, अशी ही अवस्था. ज्याला एकदा असे भाष्य लिहावे लागले, तो पुढचा लेख लिहिताना त्याचे भाष्य आधीच मनात तयार ठेवणार. सरकार नावाचा वाचक लेखकाच्या अंतःकरणात मुक्कामाला येतो तो असा. अभिप्रेत वाचकाच्या पाश्चात्त्य कल्पनेत हा वाचक बसत नाही. त्याला उद्देशून काहीच लिहिलेले नसते, तरी प्रत्येक वाक्य त्याला ओलांडून जावे लागते.

'माझी जन्मठेप' हे पुस्तक १९२७ मध्ये प्रसिद्ध झाले. १९३४ मध्ये ते जप्त झाले आणि १९४६ मध्ये बंदी उठली. सात वर्षे ते लोकांच्या हाती होते. या सात वर्षांत त्यातील एकही वाक्य बदलले नव्हते; सविनय कायदेभंगाची चळवळ मधल्या काळात होऊन गेली होती आणि वाचणारा बदलला होता. अर्थ संहितेत स्थिर असतो की वाचनात घडतो, या वादातील दोन्ही बाजूंना हे उदाहरण अडचणीचे आहे. अर्थ वाचनात घडतो हे खरे धरले, तरी तो घडविण्याची सत्ता सर्व वाचकांत सारखी वाटलेली नसते, हे वाचककेंद्री सिद्धान्त सहसा सांगत नाहीत.

याच्या उलट 'संन्यस्त खड्ग'. १९३१ मध्ये रंगभूमीवर आलेल्या या नाटकाचा काळ बुद्धाचा. त्यातील वाद शस्त्र आणि संन्यास, हिंसा आणि अहिंसा यांचा. मिठाच्या सत्याग्रहानंतरच्या वर्षी हा वाद ज्या प्रेक्षकांनी ऐकला, त्यांना तो अडीच हजार वर्षांपूर्वीचा वाटला असणे शक्य नाही. नाटक रंगभूमीवर आले. कारण अनुमानानेच सांगावे लागते. परंतु 'कीचकवधा'शी तुलना केली असता एक गोष्ट जाणवते. येथे भांडण शासितांमधील आहे.  आरशात स्वतःचा चेहरा न दिसल्याने त्या वाचकाने पान उलटले असावे. नाटक म्हणून 'संन्यस्त खड्ग' युक्तिवादाच्या ओझ्याखाली वाकलेले आहे, हा आक्षेप रास्त आहे. तथापि जे भाषणांत बोलता येत नव्हते, ते पात्रांच्या तोंडी आल्यामुळे संवादांची भाषणे झाली, हा त्या आक्षेपाचा दुसरा भाग आपल्या नाट्यसमीक्षेने फारसा विचारात घेतलेला नाही. रूपदोषाला येथे एक शासकीय कारणही आहे.

खरी अडचण पुढे आहे. मराठी वाङ्मयेतिहासांतून सावरकरांच्या लेखनाचे जे कालखंड पाडले जातात, त्यांत 'रत्नागिरी पर्व' हे समाजसुधारणेचे व भाषाशुद्धीचे पर्व म्हणून येते. अस्पृश्यतेवरील 'उःशाप', पतितपावन मंदिर, 'किर्लोस्कर'मधील विज्ञाननिष्ठ निबंध, लिपिसुधारणा हे सारे 'सामाजिक'. आधीचे आणि नंतरचे 'राजकीय'. ही विभागणी कोणी केली? समीक्षकाने नव्हे. ती मुंबई सरकारच्या आदेशात आहे. गृहखात्याने शासनाच्या सोयीसाठी आखलेली रेषा समीक्षेने वाङ्मयाची रेषा म्हणून उचलली आणि तिच्यावर प्रकरणांची शीर्षके बेतली. परकी शब्द वगळून नवे शब्द घडविणे, मंदिरात कोणी जावे हे ठरविणे, यांना राजकारण न मानण्यात सरकारचा हिशेब होता. समीक्षकाचा कोणता होता? ज्या निबंधांतून 'हिंदू' या समूहाची पुनर्रचना चालली होती, ते निबंध केवळ सामाजिक म्हणून वाचल्यामुळे त्यांची ताकद आणि त्यांतील धोके, दोन्ही नजरेआड राहिले. भक्तांनी त्या तेरा वर्षांच्या संयमात डावपेच वाचला, विरोधकांनी शरणागती. दोघेही ओळींमागे दडलेला हेतू शोधतात, म्हणजे त्यांची वाचनपद्धती सरकारचीच. स्थानबद्ध लेखकाचे वाक्य पारदर्शक नसते, आणि त्यामागे एखादे सुरक्षित ठेवलेले 'खरे' वाक्यही असतेच असे नाही.

परकी सत्ता गेल्यावर हा वाचक गेला नाही. १९७५ च्या डिसेंबरात कराडच्या साहित्य संमेलनात दुर्गा भागवत अध्यक्ष होत्या आणि केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष. आणीबाणीत लेखनस्वातंत्र्याविषयी दुर्गाबाई जे बोलल्या ते धैर्याचे होतेच. पण त्यांची जागाही लक्षात घ्यावयास हवी. लेखक आणि त्याचा तो वाचक एका मांडवात, एकाच व्यासपीठावर बसले होते. पुढल्या वर्षी दुर्गाबाईंना अटक झाली. कराडनंतर मराठी समीक्षेत अनेक वर्षे 'बांधिलकी'ची चर्चा झाली. ज्याच्यापुढे ती बांधिलकी निभवावयाची, त्या वाचकाची चर्चा मात्र झाली नाही.

भाषांतराचा जुना प्रश्नही उलट्या दिशेने परतला. केदारनाथ सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये राजद्रोहाची कक्षा हिंसेची चिथावणी वा सार्वजनिक सुव्यवस्थेचा भंग यांपुरती आवळली होती. एका व्यंगचित्रकाराच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयापुढे या संदर्भातील मार्गदर्शक सूचना आल्या आणि त्यांच्या आधारे महाराष्ट्र शासनाने ऑगस्ट २०१५ मध्ये पोलिसांसाठी मराठीत परिपत्रक काढले. त्याचा मराठी मजकूर इंग्रजीशी जुळत नव्हता. शासनाचे प्रतिनिधी असलेल्या लोकसेवकांवरील व राजकारण्यांवरील टीकाही त्यात कलमाच्या कक्षेत येत होती. आक्षेप आले, आणि ऑक्टोबरमध्ये परिपत्रक मागे घेत असल्याचे शासनाने न्यायालयात सांगितले. १९०८ मध्ये मराठी मजकूर इंग्रजीत नेताना गुन्हा गडद झाला. २०१५ मध्ये इंग्रजी मर्यादा मराठीत आणताना गळून गेली. दोन्ही वेळा नुकसान मराठीत लिहिणाऱ्याचेच. परिपत्रकाच्या या भाषेची चिकित्सा वकिलांनी केली. ती वास्तविक भाषा आणि साहित्य यांच्या अभ्यासकांची जबाबदारी होती.

मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १२४ अ कलमाचा वापर स्थगित केला. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. नव्या कलम १५२ मध्ये सरकारविषयीच्या अप्रीतीचा उल्लेख नाही. देशाचे सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता धोक्यात आणणारी कृत्ये आहेत, आणि त्या कृत्यांत बोललेले व लिहिलेले शब्दही आहेत. राजद्रोह गेला आणि देशद्रोह आला, असे या बदलाचे वर्णन झाले. मराठीत या दोन शब्दांमधील अंतर मोठे आहे. राजद्रोहाचा आरोप टिळकांच्या पिढीला मिरविता येत होता. कारण राजा आणि देश हे त्यांच्या भाषेत दोन होते, आणि एकाशी द्रोह ही दुसऱ्याची सेवा ठरू शकत होती. 'देशद्रोह' या शब्दात ती फट नाही. शिवरामपंत परांजप्यांनी 'काळ'मध्ये राजनिष्ठेच्या भाषेतच राजनिष्ठेची जी टवाळी केली, ती याच फटीतून. त्यांचे निबंध सरकारने जप्त केले. आजच्या लेखकाला तशी वक्रोक्ती कोठून साधता येईल, हे अद्याप कोणी लिहून दाखविलेले नाही. जप्त झालेल्या त्या मराठी पुस्तकांपैकी कितीतरी प्रती लंडनच्या ग्रंथालयात आजही नीट ठेवलेल्या आहेत, आणि प्रतिबंधित साहित्याची सूची १९८५ मध्ये छापून निघाली आहे. रत्नागिरीच्या तेरा वर्षांतील मराठी गद्याचा अभ्यास ज्याला करावयाचा असेल, त्याला ती सूची, ते साप्ताहिक गोषवारे आणि गृहखात्याचा पत्रव्यवहार संहितांच्या शेजारी ठेवूनच कामाला लागावे लागेल.