पारी-जीपी : चालवावी आणि बांधूनही पाहावी

गणितासाठी संगणक वापरायचा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर रंगीत आलेख आणि बटणे येतात. पारी-जीपी या आज्ञावलीत यातले जवळजवळ काहीच नाही. फ्रान्समधील बोर्दो विद्यापीठात आंरी कोएन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५च्या सुमारास तिचे काम सुरू केले. आज ती विनामूल्य मिळते, सोर्स कोडसह. कमांड लाइनवर 'जीपी' असे टाइप केले की पडद्यावर एक प्रश्नचिन्ह येते. त्यापुढे आपण लिहायचे.

१/३ + १/६ लिहून पाहा. उत्तर ०.५ येत नाही, १/२ येते. अपूर्णांक अपूर्णांकच राहतो, ही गोष्ट वर्गात फार उपयोगाची आहे. दुसरे उदाहरण २ चा ६७वा घात वजा १ या संख्येचे. मर्सेनने १६४४ मध्ये ती मूळ संख्या मानली. १८७६ मध्ये ल्युकाने ती मूळ नाही हे दाखवले, पण अवयव दिले नाहीत. ते १९०३ मध्ये कोल यांनी दिले. जीपीला 'फॅक्टर' अशी आज्ञा दिली की क्षणात उत्तर येते : १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. आता या दोघांचा गुणाकार मुलांनी हाताने करून पाहावा.

इथवर कौतुक. आता तक्रार. सोबतची शिकवणी साध्या आकडेमोडीपासून सुरू होते खरी. पण पाहता पाहता ती इलिप्टिक कर्व्हपर्यंत जाते. शाळेच्या वाचकाचा हात मध्येच सुटतो. सोर्स कोडपासून आज्ञावली बांधण्याच्या सूचना नेमक्या आहेत, मात्र त्या आधीच जाणकार असलेल्यासाठी लिहिलेल्या आहेत.

याचा अनुभव आम्ही घेतला, आणि त्यात चूक आमचीही होती. अकरावीच्या एका विद्यार्थिनीने जीपी स्वतः बांधली. ती चालली, उत्तरेही बरोबर आली. पण आधीची ओळ परत आणायला वरच्या बाणाची कळ दाबली की पडद्यावर विचित्र चिन्हे उमटत. आम्ही कळफलक आपल्याकडे ओढला, थोड्या वेळात दुरुस्ती केली आणि समाधानाने उठलो. पुढच्या आठवड्यात तिच्या घरच्या संगणकावर तीच अडचण आली. तिने जीपी वापरणे सोडून दिले.

वास्तविक उत्तर तिच्या समोरच होते. जीपी सुरू होताना चार-सहा ओळी येतात. त्यांतल्या एकीत 'रीडलाइन' अंतर्भूत नाही, असे स्पष्ट लिहिलेले असते. टाइप केलेली ओळ दुरुस्त करणे, जुनी ओळ परत आणणे ही कामे रीडलाइन नावाची वेगळी लायब्ररी करते. ती, तिच्या विकासासाठीच्या फायलींसह, संगणकावर नसेल तर जीपी तिच्यावाचून बांधली जाते.

मग ती लायब्ररी बसवून नुसते 'मेक' पुन्हा चालवले तर? उपयोग होत नाही. संगणकावर काय आहे याची तपासणी 'कॉन्फिगर' करते आणि 'मेक' त्या नोंदीप्रमाणे काम करते. नोंद जुनी असेल तर बांधकामही जुनेच. म्हणून आधी कॉन्फिगर, मग 'मेक ऑल', मग 'मेक बेंच' आणि शेवटी 'मेक इन्स्टॉल'. 'मेक बेंच'मध्ये नव्या जीपीची उत्तरे आधी ठाऊक असलेल्या उत्तरांशी ताडून पाहिली जातात. नवशिक्याने ही पायरी गाळू नये. आणखी एक खाच : इतर बऱ्याच आज्ञावलींत 'कॉन्फिगर'चे पहिले अक्षर लहान लिपीत असते, इथे ते मोठ्या लिपीत आहे. लहान लिहिले तर 'अशी फाइल नाही' एवढेच उत्तर मिळते, आणि नवशिक्याला वाटते, आपले सगळेच चुकले.

उलट, प्रत्येक अडचणीवर पुन्हा बांधणी हा उपाय नव्हे. मोठे गणित करताना 'स्टॅक' पुरत नाही, असा संदेश येतो आणि काय करावे याची सूचनाही त्यातच असते. 'अ‍ॅलोकेटमेम' ही आज्ञा दिली की जागा दुप्पट होते. इथे जीपीच्या निर्मात्यांना पूर्ण गुण द्यायला हवेत.

आलेख आणि भूमिती यांसाठी दुसरे साधन घ्यावे. संख्यांशी खेळायला मात्र जीपी उत्तम आहे. शिक्षकाने एकच पथ्य पाळावे : कळफलकाला हात लावू नये. विद्यार्थ्याला पडद्यावरचा संदेश मोठ्याने वाचायला सांगावा, त्याचा अर्थ विचारावा, एका वेळी एकच बदल करू द्यावा आणि परिणाम पाहू द्यावा. प्रयोगशाळेत आपण हेच शिकवतो. त्या मुलीच्या बाबतीत आम्ही एवढे केले असते, तर घरची दुरुस्ती तिने स्वतःच केली असती.