‘वगैरे’च्या आड काय दडलंय?

हल्ली कुणी दोन दिवस फोन उचलला नाही, की तो लगेच ‘अवॉइडंट’ ठरतो. रील्समुळे मानसशास्त्राचे शब्द इतके स्वस्त झालेत, की ‘कोसला’तल्या पांडुरंग सांगवीकरलाही हेच लेबल लावलेलं मी ऐकलंय. लेबल अगदीच चुकीचं नाही. पण तेवढ्यावर थांबलो, तर कादंबरी हातातून निसटते.

भालचंद्र नेमाडेंची ‘कोसला’ १९६३ साली आली. खेड्यातून पुण्याला शिकायला आलेला पांडुरंग वडिलांच्या पैशावर हॉस्टेलात राहतो, उधळपट्टी करतो, परीक्षेत गटांगळ्या खातो आणि शेवटी गावी परततो. हे सगळं तो सांगतो ते ‘वगैरे’ आणि ‘उदाहरणार्थ’ पेरत. या दोन शब्दांची थट्टा आणि नक्कल पुष्कळ झाली. मला मात्र ते पांडुरंगचं चिलखत वाटतात. एखादी गोष्ट मनाला लागली, की तिच्या शेपटीला ‘वगैरे’ बांधायचं, म्हणजे ती किरकोळ होते.

मानसशास्त्र इथं खरंच कामाला येतं. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हन्सन यांनी १९९३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. किळसवाणी फिल्म बघताना काहीजणांना भावना चेहऱ्यावर दिसू देऊ नका, असं सांगितलं होतं. चेहरे बऱ्यापैकी शांत राहिले, आतली किळस मात्र कमी झाली नाही. पांडुरंगचं ‘वगैरे’ म्हणजे असाच शांत ठेवलेला चेहरा. धाकटी बहीण मनी जाते, तेव्हा तो टिकत नाही. एवढा वेळ बेफिकीर चाललेली भाषा तिथं फुटते. त्या पानांमुळे मागची सगळी टिंगलटवाळी वेगळी ऐकू येते.

पण ओळखीच्या प्रश्नावर मानसशास्त्राची पट्टी तोकडी पडते. एरिक एरिक्सनच्या मते, समाज तरुणांना एक सवलतीचा काळ देतो. त्या काळात भूमिका चाचपून बघायच्या, निर्णय लांबणीवर टाकायचे. जेम्स मार्सियानं १९६६ साली यातून चार अवस्था मांडल्या. त्यांचे निकष दोन : शोध घेतला का आणि कशाशी बांधिलकी पत्करली का. शोध न घेता घरच्यांची वाट धरली तर एक खण, शोध घेऊन धरली तर दुसरा.

गावी परतलेला पांडुरंग कुठल्या खणात टाकायचा? शोध त्यानं घेतला, पण सापडलं म्हणावं असं काही नाही. गाव त्यानं निवडलेलंही नाही. दुसरीकडे जायला जागा उरली नाही म्हणून तो तिथं आहे. शिवाय त्याची सवलत समाजानं दिलेली नव्हती. ती वडिलांच्या मनीऑर्डरवर चालत होती, त्यामुळे तिच्यात पहिल्यापासून अपराधीपणा मिसळलेला होता. हा हिशेब मार्सियाच्या तक्त्यात मांडायला रकाना नाही. आपल्याकडे गावाकडून पैसे मागवून शहरात शिकणाऱ्या कुणालाही तो पाठ असतो.

म्हणून ‘अवॉइडंट’ हा शब्द मी टाकून देणार नाही, पण तिथून वाचायला सुरुवात करेन. माणूस टाळतोय हे कळल्यावर तो नेमकं काय टाळतोय, हे विचारावं लागतं. ‘कोसला’त त्याचं उत्तर मनीच्या पानांत आहे आणि बापाशी न झालेल्या बोलण्यात आहे. ती पानं एका बैठकीत, फोन बाजूला ठेवून वाचा.