मार्क नऊ

डीप पर्पलचं नाव आधी ‘राउंडअबाउट’ असणार होतं. ‘द सर्चर्स’ या बँडचा ड्रमर ख्रिस कर्टिस याच्या डोक्यातली ही कल्पना. जत्रेत लाकडी घोड्यांची गोल फिरणारी चक्री असते, तसा बँड. वादकांनी चढावं, हवं तेव्हा उतरावं, चक्री फिरत राहावी. गंमत म्हणजे सगळ्यांत आधी कर्टिसच उतरला. पण त्याने गाठलेले ऑर्गनवादक जॉन लॉर्ड आणि गिटारवादक रिची ब्लॅकमोर मागे राहिले, त्यांनी इतर तिघं शोधले आणि १९६८ मध्ये इंग्लंडात डीप पर्पल उभा राहिला. नाव बदललं, चक्री मात्र तीच राहिली. तेव्हापासून आजवर जो सॅट्रियानीसारखा थोडे महिने मदतीला आलेला पाहुणा धरला तर पंधरा जण यात चढले आहेत. एकदाही न उतरलेला माणूस एकच, ड्रमर इयन पेस.

चाहते प्रत्येक संचाला ‘मार्क’ म्हणतात. मार्क एक, मार्क दोन करत करत गाडी आता मार्क नऊवर आली आहे. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला हा सरळसरळ व्हर्जन नंबरचा मामला वाटतो. आमच्याकडे एक साधा नियम असतो: जुनं काम नव्या व्हर्जनवर चालत असेल तर बदल किरकोळ, चालायचं थांबलं तर बदल मोठा. कोण कधी आला आणि गेला याची यादी कुठेही मिळेल. मला जास्त रस आहे तो कुठल्या संचात कुठलं गाणं वाजायचं बंद झालं यात.

रॉक ऐकणाऱ्या मंडळींत एक मत जवळजवळ कायद्यासारखं चालतं. खरा डीप पर्पल म्हणजे मार्क दोन (गिलन, ब्लॅकमोर, लॉर्ड, ग्लोव्हर, पेस) आणि बाकी सगळे रिप्लेसमेंट. हे मत अर्धं बरोबर आहे म्हणूनच वैताग आणतं.

बरोबर किती ते आधी. मार्क एकने तीन अल्बम केले, ‘हश’ हे गाणं अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं, पण त्या बँडला स्वतःचा आवाज सापडला नव्हता. १९६९ मध्ये ब्लॅकमोर, लॉर्ड आणि पेस यांनी ‘एपिसोड सिक्स’ या बँडमधून गायक इयन गिलन आणि बासवादक रॉजर ग्लोव्हर यांना उचललं. ज्या पद्धतीने उचललं ती वाचून आजही अंगावर काटा येतो. दिवसा हॅनवेलच्या कम्युनिटी सेंटरमध्ये नव्या दोघांबरोबर गुपचूप तालीम, आणि रात्री जुन्या दोघांबरोबर, म्हणजे रॉड इव्हान्स आणि निक सिम्पर यांच्याबरोबर, ठरलेले कार्यक्रम. त्या दोघांना पत्ता नाही. तेव्हा ‘असली’ संचाचे भक्त हे लक्षात ठेवतील तर बरं: तो संचसुद्धा रिप्लेसमेंटच होता, आणि फारशी सभ्य नव्हे.

पण मग ‘इन रॉक’ ऐका. लॉर्डने हॅमंड ऑर्गन मार्शलच्या गिटार-अँप्लिफायरमधून वाजवायला घेतला आणि त्याचा देवळी-चर्ची मऊपणा गेला. तो गुरगुरायला लागला. आता गिटार आणि ऑर्गन एकाच जागेसाठी भांडू लागले. ‘स्मोक ऑन द वॉटर’ची ती जगप्रसिद्ध सुरावट, जी गिटारच्या क्लासला जाणारं प्रत्येक पोरगं पहिल्या आठवड्यात छेडतं, ती नुसत्या गिटारवर पोकळ का वाटते? कारण ब्लॅकमोर ती प्लेक्ट्रम न वापरता बोटांनी, दोन तारा एकदम ओढून वाजवतो, आणि खाली लॉर्डचा ऑर्गन तीच सुरावट दाबून धरतो. दोघं मिळून एक वाद्य होतं. मार्क दोनचं मोठेपण माझ्या मते या भांडणात आहे. ‘मेड इन जपान’ हा १९७२चा लाइव्ह अल्बम म्हणजे त्या भांडणाचं रेकॉर्डिंग.

‘चाइल्ड इन टाइम’ मात्र भांडणापलीकडचं. दहा मिनिटांचं गाणं, संथ ऑर्गन, त्यावर गिलनचा शब्दांशिवाय वर वर चढत जाणारा आवाज, शेवटी किंकाळी. तो ऑर्गनचा तुकडा सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘इट्स अ ब्यूटिफुल डे’ या बँडच्या व्हायोलिनवरच्या रचनेतून उचललेला आहे, आणि गिलनने ते कधी लपवलं नाही. त्या मूळ रचनेचं नाव ‘बॉम्बे कॉलिंग’. हे नाव लक्षात ठेवा.

१९७३ मध्ये गिलन आणि ग्लोव्हर बाहेर पडले. इथे मार्क तीनने जे केलं त्याचं पुरेसं कौतुक झालेलं नाही. गिलनसारखा आवाज शोधत बसण्याऐवजी त्यांनी गाण्याची रचनाच बदलली. रेडकारमधल्या कपड्यांच्या दुकानात काम करणारा डेव्हिड कव्हरडेल हा जाड, ब्लूजी आवाजाचा गायक घेतला, आणि बास वाजवणारा ग्लेन ह्यूज असा घेतला जो स्वतः उंच पट्टीत सोलसारखं गातो. ‘बर्न’ या गाण्यात हे दोघं एकमेकांच्या हातून ओळ काढून घेतात तेव्हा मार्क दोनची आठवण येत नाही. ‘चाइल्ड इन टाइम’ बंद झालं. माझ्या नियमाप्रमाणे हा मोठा बदल, आणि तो त्यांनी डोळे उघडे ठेवून केला. ‘स्मोक ऑन द वॉटर’ ठेवलं, ते दोघांनी वाटून गायलं. ‘स्टॉर्मब्रिंगर’ मला अर्धाच आवडतो. ह्यूजचा फंककडे ओढा आणि ब्लॅकमोरचा कंटाळा दोन्ही त्यात ऐकू येतात. १९७५ मध्ये ब्लॅकमोरही गेला, ‘रेनबो’ काढायला.

त्याच्या जागी आलेल्या टॉमी बोलिनबद्दल लिहिताना हात जरा जड होतो. हा अमेरिकन मुलगा बिली कॉबमच्या ‘स्पेक्ट्रम’ या जॅझ-फ्यूजन अल्बमवर वाजवलेला. त्याच्याबरोबर केलेला ‘कम टेस्ट द बँड’ हा डीप पर्पलच्या यादीतला सर्वांत कमी ऐकला गेलेला चांगला अल्बम आहे असं मी कुणाशीही भांडून म्हणेन. ‘गेटिन टायटर’ मोबाइलच्या स्पीकरवर नको, हेडफोन लावून ऐका. स्टेजवर मात्र गोष्ट वेगळी. लोक समोरच्या माणसात ब्लॅकमोर शोधत होते, बोलिन हेरॉइनमध्ये बुडत होता, आणि १९७५च्या डिसेंबरमध्ये टोकियोत तर त्याचा डावा हात धड चालत नव्हता. तेही रेकॉर्डिंग पुढे विकलं गेलं. मार्च १९७६ मध्ये बँड मोडला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बोलिन मायामीत गेला, वय २५. ‘असली’चं मोजमाप लावणाऱ्यांना या संचाबद्दल विचारलं की ते ती टोकियोची टेप ऐकवतात, अल्बम नाही.

यानंतरचा प्रसंग हॉटस्टारवर सिरीज म्हणून चालेल. १९८० मध्ये अमेरिकेत आणि मेक्सिकोत ‘डीप पर्पल’ नावाचा एक बँड कार्यक्रम करू लागला. पोस्टरवर नाव तेच. त्यात मूळ बँडचा माणूस एकच होता, १९६९ मध्ये पाठीमागून काढून टाकलेला गायक रॉड इव्हान्स. लोक येणार ‘स्मोक ऑन द वॉटर’ ऐकायला, म्हणजे तो गेल्यानंतर दोन वर्षांनी घडलेल्या गोष्टीवरचं गाणं! प्रकरण कोर्टात गेलं, ६,७२,००० डॉलर्सची भरपाई बसली, पहिल्या तीन अल्बमच्या रॉयल्टीवरचा इव्हान्सचा हक्कही गेला. तो संगीतातून पूर्ण नाहीसा झाला.

आता जरा थांबून हिशेब करा. त्या तोतया बँडमध्ये संस्थापक सदस्य एक होता. आजच्या अधिकृत डीप पर्पलमध्येही संस्थापक सदस्य एकच आहे. मग तो तोतया आणि हा खरा कसा?

कायद्याचं उत्तर सोपं आहे: नावाचा मालक कोण, ते कागदावर असतं. पण ऐकणाऱ्याला कागदाशी काय करायचंय? मला पटणारं उत्तर असं की डीप पर्पलमध्ये सगळे एकाच वेळी कधीच बदलले नाहीत. नवा माणूस आला तेव्हा जुने तीन-चार जण तिथे होते, त्यांच्याबरोबर त्याने शेकडो रात्री काढल्या, गाणं कुठे ताणायचं आणि कुठे सोडायचं हे अंगवळणी पाडून घेतलं, आणि पुढच्याला दिलं. इव्हान्सकडे देण्यासारखं होतं ते १९६९ पर्यंतचं. बाकीच्यांना ते कुणाकडून मिळणार होतं?

उलट बाजूही आहे. १९८४ मध्ये मार्क दोनचे पाचही जण परत एकत्र आले. ‘परफेक्ट स्ट्रेंजर्स’ दमदार निघाला. मग तेच पाच जण, तीच वाद्यं, आणि १९८७चा ‘द हाउस ऑफ ब्लू लाइट’ इतका कोरडा की मला तो सलग ऐकवत नाही. १९८९ मध्ये गिलनला काढलं, रेनबोचा जुना गायक जो लिन टर्नर आला (त्या संचावर ‘डीप रेनबो’ असा विनोद व्हायचा, आणि तो चुकीचा नव्हता), गिलन परत आला, आणि नोव्हेंबर १९९३ मध्ये हेलसिंकीच्या कार्यक्रमानंतर ब्लॅकमोर कायमचा गेला. संच ‘असली’ असून भागत नाही, हे डीप पर्पलने स्वतःच सिद्ध करून ठेवलंय.

पुढच्या वर्षी स्टीव्ह मॉर्स आला, आणि ८ एप्रिल १९९५ रोजी हा नवा संच मुंबईत, अंधेरीच्या क्रीडा संकुलात वाजला. त्याचं चित्रीकरण नंतर डीव्हीडीवर निघालं. नाव? ‘बॉम्बे कॉलिंग’. कोणीतरी छान डोळा मारलाय. आज यूट्यूबवर तो कार्यक्रम बघताना जाणवतं की बँड हलका झालाय, चेहऱ्यांवर हसू आहे. मॉर्सवर माझा एक आक्षेप आहेच. तो फार स्वच्छ वाजवतो. ब्लॅकमोर दोन सुरांच्या मध्ये जी खुन्नस भरलेली रिकामी जागा सोडायचा, ती मॉर्स सुरांनी भरून टाकतो. लॉर्डबरोबरचं भांडण जाऊन गप्पा सुरू झाल्या. पण १९९६च्या ‘पर्पेंडिक्युलर’मधलं ‘समटाइम्स आय फील लाइक स्क्रीमिंग’ हे गाणं ब्लॅकमोरकडून झालं नसतं. आणि हिशेबच करायचा तर ब्लॅकमोर दोन्ही खेपा मिळून सोळा-सतरा वर्षं बँडमध्ये होता, मॉर्स अठ्ठावीस. पत्नीच्या आजारपणामुळे २०२२ मध्ये त्याने बँड सोडला. माझ्या वयाच्या माणसाला कळायला लागल्यापासून डीप पर्पलचा गिटारवादक तोच होता. तरी २०१६ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने बँडला घेतलं तेव्हा मॉर्स यादीत नाही. कोर्टात हरलेला इव्हान्स आहे. त्याच्याबरोबर तेच तीन अल्बम वाजवलेला सिम्पर नाही. हे कुठलं लॉजिक, मला डीबग करता आलेलं नाही.

२००२च्या सुमारास ‘चाइल्ड इन टाइम’ दुसऱ्यांदा बंद झालं. या वेळी गायक बदलला नव्हता. गिलन तिथेच उभा होता, त्याच्या गळ्यातली ती किंकाळी गेली होती. मार्क नंबरमध्ये याची नोंद होत नाही. त्याच वर्षी जॉन लॉर्डने बँड सोडला आणि डॉन एअरी आला, पण वाजणाऱ्या संगीतात मोठा बदल कुठला, असं मला विचारलं तर मी गाण्याकडे बोट दाखवेन.

कल्पना चावला कोलंबिया यानातून गेली तेव्हा तिने तीन सीडी सोबत नेल्या होत्या: ‘मशीन हेड’, ‘पर्पेंडिक्युलर’ आणि रेनबोचा ‘डाउन टू अर्थ’. म्हणजे मार्क दोन, मॉर्सचा संच, आणि शिवाय तो रेनबो ज्यात ब्लॅकमोरबरोबर ग्लोव्हर आणि एअरीही आहेत. यानातून तिचा बँडशी ईमेलने संपर्क होता. १ फेब्रुवारी २००३ नंतर मॉर्सने ‘कॉन्टॅक्ट लॉस्ट’ ही छोटीशी वाद्यरचना केली, ‘बनानाज’ या अल्बमचा शेवट तीच आहे. त्यात एकही जादा सूर नाही. वर मी ज्या रिकाम्या जागेबद्दल तक्रार केली, ती त्याने इथे सोडली आहे.

मार्क नऊचा गिटारवादक सायमन मॅकब्राइड बेलफास्टचा, १९७९चा जन्म, ‘मशीन हेड’नंतर सात वर्षांनी. गिलन आणि एअरी यांच्या वेगळ्या दौऱ्यांत तो आधीच वाजवून आला होता. जुलै २०२४ मध्ये या संचाचा पहिला अल्बम आला, ‘=१’ असं गणिताच्या वहीतलं नाव घेऊन. ‘पोर्टेबल डोअर’मध्ये एअरीचा ऑर्गन आणि मॅकब्राइडची गिटार एकमेकांना धक्के देत पुढे जातात, आणि मॉर्सच्या काळात मऊ झालेलं ते जुनं भांडण परत सुरू झाल्यासारखं वाटतं. गिलन आता खालच्या पट्टीत, जवळजवळ बोलल्यासारखा गातो. मागे पेस आहे, डावखुरा, अल्बम आला तेव्हा ७६ वर्षांचा, आणि त्याचा हात ‘इन रॉक’वर पडत होता तसाच, किंचित पुढे झुकून पडतो.