'मास्त्रो' आणि 'डॉन' यांच्यामधील रेघ

स्वकर्तृत्वाने वर आलेल्या पुरुषाचे आयुष्य कथन करताना दारिद्र्य, कष्ट, संधी आणि वैभव ही क्रमवारी बहुधा गृहीत धरली जाते. चरित्रकार ती गौरवाने सांगतो, तर नीतिवादी कादंबरीकार शेवटी वैभवाचे वैफल्य दाखवून तीच क्रमवारी उलट अंगाने मान्य करतो. ज्योव्हान्नी वेर्गा (1840–1922) या सिसिलियन लेखकाची 'मास्त्रो-डॉन जेझुआल्दो' ही कादंबरी या दोन्ही मार्गांनी जात नाही. 1888 मध्ये ती 'नुओव्हा आन्तोलोजिआ' या नियतकालिकात क्रमशः प्रसिद्ध झाली आणि मोठ्या प्रमाणावर पुनर्लेखन होऊन 1889 मध्ये ग्रंथरूपाने आली. गवंडीकामापासून सुरुवात करून कंत्राटदार, धान्याचा व्यापारी आणि मोठा जमीनदार झालेल्या जेझुआल्दो मोत्ताची ही कहाणी आहे. ती संपत्तीच्या मोहाची कहाणी म्हणून वाचण्याचा प्रघात आहे. परंतु तिच्या घाटाचा विचार केला, तर तिचा खरा प्रश्न वेगळाच असल्याचे जाणवते. स्वतःला स्वतःच घडवणाऱ्या माणसाची कहाणी कोणाच्या भाषेत सांगायची आणि ती ऐकणार कोण, हा तो प्रश्न होय.

या प्रश्नाची खूण शीर्षकातच आहे. 'मास्त्रो' हे कारागिराचे संबोधन, तर 'डॉन' हे प्रतिष्ठितांचे. मराठीत 'मिस्त्री-रावसाहेब' म्हणावे तसा हा प्रकार आहे. 'डॉन' ही पदवी धन मिळवल्यामुळे देणे भाग पडते, पण आधीचे 'मास्त्रो' काही पुसले जात नाही. दोन शब्दांमधील संयोगरेषा जोडते त्याहून अधिक वेगळे करते. ज्या माणसाने सर्व काही स्वतः मिळवले, त्याचे नाव मात्र गावाने ठेवलेले आहे.

कथानकाची रचनाही या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. कादंबरी सुरू होते ती सुमारे 1820 मध्ये, त्राओ या विपन्न सरदार घराण्याच्या वाड्याला लागलेल्या आगीने. जेझुआल्दो धावत येतो, कारण शेजारचे घर त्याचे आहे. वाचकाला तो प्रथम भेटतो तो मालमत्ता राखणारा माणूस म्हणून. त्याची चढण आधीच होऊन गेलेली आहे. प्रारंभिक मसुद्यांतील बालपणाची सामग्री वेर्गाने पुढे 'वागाबोन्दाज्जो' (1887) या कथेकडे वळवली. हे वगळणे हेतुपूर्ण आहे. उदयाचा इतिहास येतो तो केवळ स्मरणाच्या रूपात. दिवसभराच्या दगदगीनंतर कान्झिरिया येथील आपल्या शेतावर, रात्रीच्या शांततेत, जेझुआल्दोला पाठीवर वाहिलेली ओझी, बापाचा मार आणि उपाशीपोटीचे श्रम आठवतात. जवळ असते ती दिओदाता, त्याच्यावर प्रेम करणारी, त्याच्या मुलांची आई झालेली अनाथ मोलकरीण. या कहाणीला मिळू शकणारी एकमेव श्रोती तीच आहे. आणि व्यवहाराचा हिशेब करून तो तिलाच दूर सारतो.

त्याने केलेला विवाह या हिशेबाचा भाग आहे. सिसिलीत 1812 मध्ये सरंजामशाही कायद्याने संपुष्टात आली. जमीन ही विक्रीयोग्य वस्तू झाली, परंतु प्रतिष्ठा तशी झाली नाही. सामायिक जमिनींच्या लिलावात जेझुआल्दो बड्या घराण्यांवर मात करू शकतो, पण ब्यांका त्राओशी झालेल्या त्याच्या लग्नाला तीच घराणी पाठ फिरवतात. वेर्गाच्याच 'ला रोबा' या कथेतील मात्झारो हाही मजुराचा जमीनदार झालेला. मात्र त्याला जमिनीपलीकडे काहीच नको असते. जेझुआल्दोला संपत्तीचे रूपांतर नात्यात करायचे आहे. त्याचे अपयश लोभाचे नसून या रूपांतराचे आहे. बाप नुन्झिओ आणि बहीण स्पेरान्झा यांच्या लेखी तो उपटसुंभ, तर सासरच्यांच्या लेखी गवंडी. 1848 च्या क्रांतीत गावाचा रोष येतो तोही त्याच्याच कोठारांवर.

1923 मध्ये या कादंबरीचा इंग्रजी अनुवाद करणाऱ्या डी. एच. लॉरेन्सने जेझुआल्दोची तुलना रशियन कादंबऱ्यांतील आत्मविश्लेषक नायकांशी केली आणि त्याच्या ठिकाणी तशी आत्मनिष्ठ जाणीव नसल्याचे सुचवले. हे मत पूर्णतः स्वीकारणे कठीण आहे. जेझुआल्दोला अंतर्विश्व आहे. मात्र ते शेते, खेचरे, पुरात वाहून गेलेला पुलाचा सांगाडा यांच्या भाषेत व्यक्त होते. आत्मपरीक्षणाची उच्चभ्रू परिभाषा ज्याला मिळाली नाही, त्याला अंतरंगच नाही असे मानणे म्हणजे त्राओंच्या वाड्यातून त्याच्याकडे पाहणे होय.

निवेदनतंत्राच्या पातळीवर हा अन्याय वेर्गाने दृश्य केला आहे. 'ई मालाव्होल्या' (1881) मध्ये निवेदकाचा आवाज गावाच्या समूहस्वरात मिसळलेला होता. येथे तो समूहस्वर नायकाविरुद्ध उभा राहतो. शेवटच्या प्रकरणात आजाराने जर्जर झालेला जेझुआल्दो पालेर्मोत, जावई असलेल्या लेय्राच्या ड्यूकच्या प्रासादात पडून आहे. आपल्या जमिनी या निरुद्योगी डामडौलात विरघळताना तो पाहतो. मुलगी इझाबेल्ला हिच्याजवळ तो मन मोकळे करू पाहतो. ज्यांचे देणे आपल्या अंतःकरणावर आहे, अशा माणसांसाठी काही ठेवावे असे सुचवतो. पण ती मिटून जाते, आणि तिच्यात त्याला त्राओच दिसतात. आयुष्यभर जे सांगितले नाही ते सांगण्याची ही अखेरची संधी अशी हुकते. मृत्यूचे निवेदन उरते ते झोपमोड झालेल्या नोकराच्या वाट्याला. सेवकवर्ग मृताचे हात न्याहाळतो आणि त्यांवरून त्याचे कूळ ठरवतो. चुना कालवलेले हात हा त्याच्या कर्तृत्वाचा एकमेव अस्सल दस्तऐवज; तोही विनोदाचा विषय ठरतो.

येथे संपत्तीच्या क्षणभंगुरतेचा उपदेश शोधणे म्हणजे कादंबरीला दुबळे करणे आहे. जमीन नष्ट होत नाही, ती ड्यूककडे जाते. नष्ट होते ती श्रमाची स्मृती. नियोजित 'पराभूत' या पाच कादंबऱ्यांच्या मालिकेतील पुढची कृती, 'लेय्राची डचेस', वेर्गा पूर्ण करू शकला नाही. गवंड्याच्या वारसदारणीची कथा अपुरी राहिली याची कारणे लेखकाच्या चरित्रात शोधता येतील. पण कादंबरीपुरते पाहता, इझाबेल्लाने बापाचे ऐकून घेतले नाही तेथेच पुढचे कथन तुटले होते.